बफचा स्टेक चिवट का होतो? घरच्या फ्रिजमध्ये मांस एज करायची नीट पद्धत

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला आपापल्या फ्रिजचे फोटो पाठवलेत आणि गंमत म्हणजे फोटो प्रत्येक वेळी तोच असतो. स्टीलची जाळी, जाळीवर एक इंच जाडीचा एकटा स्टेक, कडा काळ्या पडून कोल्हापुरीच्या तळव्यासारख्या झालेल्या, शेजारी इडलीच्या पिठाचा डबा, आणि खाली प्रश्न, "अठरा दिवस झाले, आता खायचा का?" नाही खायचा. त्यात खाण्यासारखं काही उरलेलंच नाही.

मी स्वतः पण हेच करून बसलोय म्हणून चिडवायचा हक्क तसा मला नाही. पण चूक कुठे होते ते आता नीट कळलंय, आणि ती बहुतेक वेळा तव्यावर होत नाही, त्याच्या आठवडाभर आधी झालेली असते. म्हणून एजिंग, म्हणजे मऊपणा आणि चव यावी म्हणून मांस थंडीत काही दिवस ठेवणं, हे सगळं क्रमाने लिहितोय, क्रम बदलू नका.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. पुण्यात दुकानात "बीफ" म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं, म्हणजे बफ. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. परदेशी व्हिडिओत जे २८ दिवस, ४५ दिवस दाखवतात ते धान्यावर पोसलेल्या कोवळ्या जनावराचं, आतपर्यंत चरबीची जाळी असलेलं, कत्तलीनंतर लगेच कोल्ड रूममध्ये टांगलेलं मांस असतं. आपलं जनावर वयस्क, चरबी कमी, आणि पहाटे कापलेलं दुपारपर्यंत विकून संपलेलं. तत्त्व तेच लागू होतं पण दिवसांचे आकडे जसेच्या तसे उचलले की फसलात.

आधी दोन मिनिटं: एजिंगमध्ये नक्की होतं काय

जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, मग ताठ होतात. त्यानंतर मांसातलीच एन्झाइम्स, मुख्यतः कॅलपेन नावाची, स्नायूंचे धागे हळूहळू तोडायला लागतात. म्हणून मांस मऊ होतं. हे काम पहिल्या एक-दोन आठवड्यांत बहुतेक उरकतं, पुढे वेग फार कमी होतो. चव मात्र वेगळी भानगड आहे, ती पाणी उडाल्याने, प्रथिनं तुटल्याने आणि चरबीत होणाऱ्या बदलाने येते आणि तिला जास्त वेळ लागतो.

आता महत्त्वाचं. एन्झाइम्स स्नायूचे धागे तोडतात, पण शिरा, पडदे, झिल्ली म्हणजे जे कोलॅजन आहे त्याला फारसा हात लावत नाहीत. आणि जनावर जेवढं म्हातारं तेवढं त्याचं कोलॅजन घट्ट. म्हणजे मांडीचा तुकडा महिनाभर एज केलात तरी तो स्टेक होणार नाही, त्याची जागा कुकरमध्ये चार शिट्ट्यांखालीच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आणि एजिंग म्हणजे मॅरिनेट नव्हे. आपल्याकडे "मुरत ठेवलंय" दोन्हीला म्हणतात म्हणून लोक दही-आलं-लसूण लावून पाच दिवस ठेवतात आणि मग आंबट पिठूळ मांसाबद्दल मलाच विचारतात.

टप्पा १: मांस आणायच्या दोन दिवस आधी फ्रिज तपासा

हो, मांसाच्या आधी फ्रिज. एक साधा फ्रिज थर्मामीटर घ्या, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. स्टीलच्या पेल्यात पाणी भरा, त्यात थर्मामीटर ठेवा आणि जिथे मांस ठेवायचंय बरोब्बर तिथे पेला ठेवून द्या. हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाण्याचं मारत नाही, म्हणून पेला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा.

० ते २ डिग्री असेल तर उत्तम. ४ पर्यंत चालतं पण दिवस कमी करावे लागतात. ५ किंवा त्याच्या वर दिसला तर डायल वाढवा, फ्रिजमधली गर्दी कमी करा, आणि तरीही उतरत नसेल तर एजिंगचा विचार सोडून द्या, ताजं आणून दुसऱ्या दिवशी करा. सिंगल डोअर फ्रिज असेल तर फ्रीजरच्या लगेच खाली जो चिलर ट्रे असतो तो सगळ्यात थंड. डबल डोअरमध्ये खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीजवळ बघा. दाराचे कप्पे बाद, तिकडे मांस ठेवूच नका.

माझ्या फ्रिजवर ३ लिहिलेलं होतं आणि मे महिन्यात पेल्यातला आकडा ७ निघाला. ७! मी त्या फ्रिजमध्ये आधी दोनदा मांस एज केलेलं होतं. काही झालं नाही ते नशीब.

⚠ गुरुवारी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जात असेल तर ते धरून आखणी करा. दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण ४ तास तग धरतो. आकडा नुकताच ५ च्या वर गेला असेल तर मांस लगेच शिजवून टाका, आणि किती वेळ वर होता हेच माहीत नसेल तर फेकून द्या, तिथे हळहळ नको.

टप्पा २: तुकडा निवडा

सगळे जण डोळे झाकून अंडरकट मागतात. अंडरकट म्हणजे कण्याच्या खालच्या बाजूचा तो लांबट तुकडा, ज्या स्नायूला जनावर फारसं काम लावत नाही म्हणून तो मुळातच मऊ असतो. आणि तिथेच मेख आहे, त्याला एजिंगचा फायदा सगळ्यात कमी. तीन-चार दिवस पुरे, त्याहून जास्त ठेवलात तर चावताना काही लागतच नाही, ओल्या रव्यासारखं तोंडात पसरतं.

एजिंगचा खरा फायदा होतो तो कण्याच्या वरच्या बाजूच्या लांब पट्ट्याला. मटणात चापेला जे मांस असतं तेच, फक्त म्हशीचं म्हणून आडवं चांगलं पंजाएवढं. ह्याला आपल्याकडच्या दुकानात वेगळं नाव घेऊन मागणारे कमी, त्यामुळे बहुतेक वेळा तो खिम्यात नाहीतर बोटीच्या तुकड्यांत जातो. हाताने पाठ दाखवून सांगा, "कण्याला लागून असलेला पूर्ण पट्टा हवा, तुकडे न करता." ताजा असताना चिवट, सातव्या दिवशी ओळखू येत नाही इतका बदलतो.

पहिल्यांदा करत असाल तर दीड-दोन किलोचा एकच सलग तुकडा घ्या. कापलेले स्टेक एज करायचे नाहीत, कुठल्याच पद्धतीने नाहीत. जितके काप तितका उघडा पृष्ठभाग, तितके जंतू, तितकं पाणी बाहेर.

टप्पा ३: दुकानात

कॅम्पात शिवाजी मार्केट किंवा कोंढव्याकडे जात असाल तर शक्यतो आदल्या दिवशी सांगून ठेवा. रविवारी सकाळी साडेदहाला गर्दीत उभं राहून "पूर्ण पट्टा, झिल्ली ठेवा, तुकडे नको" हे समजावणं अवघड जातं, आणि सुरा एकदा चालला की चालला.

सांगायच्या गोष्टी तीनच. वरची चरबी आणि पांढरी झिल्ली काढू नका, ती नैसर्गिक वेष्टन आहे, आपण नंतर घरी काढू. पाण्याने धुऊ नका. आणि शक्य असेल तर दुपारपर्यंत हाडावरच टांगलेलं राहू द्या, मग काढून द्या. शेवटचं सगळीकडे जमत नाही, पण ज्याच्याकडे कूलर किंवा कोल्ड रूम आहे तो आदल्या रात्रीचं थंड झालेलं मांस देऊ शकतो आणि ते गरम ताज्यापेक्षा आपल्या कामाला कितीतरी चांगलं. "ताजं म्हणजे चांगलं" हा नियम रश्शासाठी ठीक, स्टेकसाठी उलटा.

मी ज्यांच्याकडून घेतो त्या चाचांनी पहिल्यांदा माझ्याकडे असं बघितलं की ह्याला काय झालंय. आता स्वतःच सांगतात, "कल का है, ठंडा है, ले जाओ."

⚠ सोबत थर्माकोलचा डबा किंवा जाड पिशवी आणि बर्फाच्या दोन पिशव्या न्या. मार्केटातून निघून, एम. जी. रोडवर चहा, मग कोणाकडे तरी जाऊन तासाभराने घरी, हे उन्हाळ्यात परवडत नाही.

टप्पा ४: पहिले २४ तास (सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात)

घरी आणलं की दोन सवयी हाताला आपोआप सुचतात, एक धुणं आणि दुसरी फ्रीजर.

धुऊ नका. आई अजून मला विचारते, "न धुता ठेवलंस?" आणि चेहरा बघण्यासारखा असतो. पण पाण्याने मांसावरचे जंतू जात नाहीत, ते सिंकभर उडतात आणि मांस ओलं राहतं, ओलं मांस लवकर खराब होतं. टिश्यूने किंवा स्वच्छ कोरड्या कापडाने नीट टिपून घ्या, हाडाची कीस, गोठलेलं रक्त सुरीच्या टोकाने काढा, बस.

फ्रीजरमध्ये टाकू नका. हे जरा समजून घ्या. अगदी ताजं मांस हातात घेतलंत तर कधी कधी ते कापल्या जागी बारीक फडफडतं, बघितलं असेल. म्हणजे स्नायूत अजून ताकद शिल्लक आहे, आखडायची प्रक्रिया पूर्ण झालेली नाही. अशा अवस्थेत ते झपाट्याने १० डिग्रीच्या खाली नेलं तर धागे जोरात आखडतात आणि तसेच राहतात. थेट गोठवलं तर आणखी वाईट, बाहेर काढून वितळताना ते डोळ्यांदेखत आक्रसतं, ताटभर लाल पाणी सोडतं, आणि मग कितीही एज करा, ते चामडंच. "मी तर ताजं आणून लगेच फ्रीज केलं होतं तरी चिवट कसं" ह्याचं उत्तर हे आहे, तरी म्हणून नाही, म्हणूनच चिवट.

म्हणून, सलग तुकडा टिपून, बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून, ताटात ठेवून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. सगळ्यात थंड जागी नको, ती उद्यापासून. तुकडा मोठा असल्याने तो आतून सावकाश गार होतो, आपल्याला तेच हवंय. बाहेर ओट्यावर ठेवायचं मात्र नाही, पुण्याच्या मार्चनंतरच्या दुपारी तर नाहीच.

तपासणी: दुसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबा. मांस घट्ट, ताठ लागलं पाहिजे, फडफड अजिबात नको, वर हलकं कोरडं झालेलं. वास नुसता मांसाचा, किंचित लोखंडासारखा. असं असेल तर पुढे जा.

टप्पा ५: पद्धत ठरवा. स्टेकवर कशाचा काय परिणाम होतो

इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळा गोंधळ इथलाच आहे. मी एकदा एकाच पट्ट्याचे चार भाग करून बघितले होते, एक दुसऱ्याच दिवशी खाल्ला, एक व्हॅक्यूममध्ये चार दिवस, एक सात दिवस, आणि एक जाळीवर उघडा सात दिवस. वर म्हटलं तसं तुकडे करून एज करू नये, पण तुलना करायची होती म्हणून.

*काहीच न करता, दुसऱ्या दिवशी.* चव स्वच्छ, पण चावायला जबडा दुखला. बफ तसंही गडद लाल आणि तंतूमय, त्यात चरबीचा ओलावा नाही.

*वेट एजिंग, म्हणजे व्हॅक्यूम पिशवीत.* मांस स्वतःच्याच रसात राहतं, हवा नाही, वजन जवळपास तेवढंच. चौथ्या दिवशी फरक जाणवला, सातव्या दिवशी तर सुरी सहज गेली. मऊपणाच्या बाबतीत वेट एजिंग ड्राय एजिंगपेक्षा कमी नाही, हे लोकांना खरं वाटत नाही पण आहे तसंच, एन्झाइम्स दोन्हीकडे तीच आणि तेवढंच काम करतात. चवीत मात्र जादू होत नाही. थोडी रक्ताची, धातूची, किंचित आंबूस छटा येते, जी नीट कोरडं करून कडक तव्यावर घातलं की बरीचशी जाते.

*ड्राय एजिंग, उघड्यावर.* ह्यात बाहेरून पाणी उडतं, आत चव एकवटते, आणि तीनेक आठवड्यांनंतर ती सुक्या मेव्यासारखी, जुन्या चीजसारखी चव येते ज्याचे लोक पैसे मोजतात. त्यासाठी लागतं काय तर ० ते ४ डिग्रीत स्थिर तापमान, साधारण ७५ ते ८५ टक्के आर्द्रता, सतत फिरती हवा, आणि हाडासकट, जाड चरबीच्या थराखाली असलेला मोठा, पाच-सहा किलोच्या वरचा तुकडा. का, तर बाहेरचा थर सुकून कडक होतो आणि तो कापून फेकायचाच असतो. पाणी उडून आणि सोलून मिळून पाव भाग सहज जातो, जास्त दिवस ठेवलं तर तिसरा हिस्सा.

आता हे गणित त्या एक इंची स्टेकला लावा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलीमीटर कातडं झालं, सोललं, मधे उरलं काय? दीड सेंटीमीटरचा सुकलेला पापुद्रा. शिवाय बफला चरबीचं झाकण पातळ असतं, आणि ड्राय एजिंगची चव बऱ्यापैकी चरबीतूनच येते, म्हणजे खर्च पूर्ण आणि मोबदला अर्धा. त्यात घरचा फ्रिज दिवसातून तीस वेळा उघडतो. आणि चरबी वास ओढते. माझ्या त्या जाळीवरच्या तुकड्याला कालच्या बोंबलाच्या कालवणाचा इतका स्पष्ट वास लागला होता की बायको म्हणाली, हा स्टेक आहे की सुकट.

*ड्राय एजिंगची खास पिशवी.* हिच्यातून ओलावा बाहेर जातो पण हवा फारशी आत येत नाही, बाहेरचे वास लागत नाहीत. हाडाशिवायचा मोठा तुकडा असेल आणि फ्रिज खरंच २ डिग्रीवर टिकत असेल तर घरच्यासाठी ही त्यातल्या त्यात बरी. पण मांस थंड साखळीतलं, म्हणजे सुरुवातीपासून सतत थंड ठेवलेलं हवं, मार्केटचं गरम मांस आणून तीन आठवडे ठेवायचं नाही.

*तूप किंवा बटरमध्ये बुडवून.* दिसायला भारी. प्रत्यक्षात तुपाने हवा अडवली म्हणजे ते एक प्रकारचं महागडं वेट एजिंगच झालं. तूप वाया.

*पपई, अननस.* हे एजिंग नाहीच. कच्च्या पपईतलं पपेन बाहेरून काम करतं, आत शिरत नाही, आणि तव्याच्या उष्णतेने लगेच थांबत नाही, उलट गरम होताना आणखी जोरात चालतं. त्यामुळे बाहेर लगदा, आत चिवट. शीक कबाबच्या खिम्याला वापरा, तिथे ते राजा आहे.

*कोजी.* तांदळावर वाढवलेली जपानी बुरशी, तिची पूड लावून दोन-तीन दिवस. चव छान येते, गोडसर, पण पुण्यात शोधत फिरावं लागतं आणि तव्यावर झटकन करपते. हौस असेल तर करा.

माझं मत सरळ आहे. पुण्यातलं बफ, घरचा फ्रिज, ह्या दोन गोष्टी कायम असतील तर व्हॅक्यूम पिशवीत पाच ते सात दिवस आणि शेवटचे एक-दोन दिवस मीठ लावून जाळीवर उघडं. मऊपणा पहिल्यातून, कोरडा पृष्ठभाग आणि एकवटलेली चव दुसऱ्यातून. पुढचे टप्पे ह्याच पद्धतीचे.

टप्पा ६: पिशवी भरणं

घरगुती व्हॅक्यूम सीलर लागेल. त्याच्या पिशव्या आतून खडबडीत असतात, साध्या गुळगुळीत पिशवीतून ही मशीन हवा ओढू शकत नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीत पॅकिंगच्या दुकानांत चौकशी करा, स्टीलची जाळी पण तिकडेच होऊन जाईल.

१. हात, ओटा, सुरी साबणाने धुऊन कोरडे करा.
२. तुकडा पुन्हा टिपा. मीठ, हळद, तेल काहीही लावू नका. हळद लावायचा मोह आवरा.
३. पिशवीच्या तोंडाची कड बाहेर दुमडून मगच तुकडा आत सरकवा, म्हणजे सीलच्या जागी रक्त लागत नाही. तोंडाच्या थोडं आत टिश्यूची एक घडी आडवी ठेवा, हवा ओढताना येणारा रस ती पिते. सील फसतं ते जवळजवळ नेहमी ह्या ओलाव्यामुळे.
४. हवा काढून सील करा, अर्ध्या इंचावर दुसरं सील मारा.
५. मार्करने तारीख लिहा. आठवेल असं वाटतं, आठवत नाही.
६. स्टीलच्या ताटात ठेवून सगळ्यात थंड जागी. ताट ह्यासाठी की गळलंच तर खालच्या कोथिंबिरीवर नको.

सीलर नसेल तर झिपवाली जाड पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवत हवा बाहेर काढा आणि शेवटी झिप लावा. चालतं, पण ३ दिवसांच्या वर नाही.

दिवस किती: पेल्यातला आकडा ० ते २ असेल तर पाठीच्या पट्ट्याला ७ दिवस, ३-४ असेल तर ५. अंडरकटला ३-४. मार्केटच्या मांसाला ह्याच्या पुढे मी जात नाही, कारण कापताना, टांगताना, वाटेत त्याच्यावर किती जंतू बसलेत ते आपल्या हातात नाही आणि काही जंतू थंडीतही वाढतात. चौदा दिवस करायचेच असतील तर आधीपासून थंड ठेवलेलं, व्हॅक्यूम पॅक, तारीख छापलेलं मांस घ्या आणि ती तारीख ओलांडू नका.

रोजची तपासणी, दहा सेकंद: पिशवी मांसाला चिकटलेली आहे ना? थोडा लाल रस जमणं नॉर्मल. पिशवी सैल झाली असेल तर सील गेलंय, पहिल्या-दुसऱ्या दिवशी असेल तर टिपून परत पॅक करा, नंतर असेल तर त्याच दिवशी शिजवा.

⚠ पिशवी पुरीसारखी टम्म फुगली असेल तर उघडूसुद्धा नका. माझी एकदा फुगली, उत्सुकता म्हणून घरात कापली, आणि दोन दिवस स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकेना. सरळ दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्यात.

टप्पा ७: उघडणं आणि वासाची परीक्षा

पिशवी कापली की पहिला भपकारा येतोच, थोडा आंबूस, बंद डब्यासारखा. घाबरू नका आणि लगेच खुश पण होऊ नका. टिपून ताटात १५-२० मिनिटं उघडं ठेवा आणि मग नाक जवळ न्या.

रंग जांभळट-तपकिरी असेल तो हवेत हळूहळू लाल होतो, बफ असल्याने गडदच लाल. आंबूस वास निघून गेला, हाताला ओलसर पण निसरडं नाही, तर काम झालं. कापलेल्या भागावर तेलासारखे इंद्रधनुषी रंग दिसले तर ते प्रकाशाचं असतं, काळजी नको. पण कुजक्या अंड्याचा वास, बोटाला तार सुटेल असा चिकटपणा, हिरवट डाग, ह्यातलं एक जरी असलं तरी फेकायचं. "धुऊन, जास्त मसाला घालून बघू" हा विचार मनात आला असेल तर तो कुठून येतो मला माहितीये, पण नको.

आता झिल्ली काढा. पातळ लवचिक सुरी झिल्लीखाली सरकवा, पात्याची धार किंचित वर झिल्लीकडे ठेवा, दुसऱ्या हाताने झिल्ली ताणून धरा आणि सुरी लांब ओढा. धार खाली मांसाकडे ठेवली की निम्मं मांस झिल्लीबरोबर जातं. मग दीड इंच जाडीचे स्टेक, धाग्यांना आडवे कापा. एका इंचाहून पातळ कापू नका, बाहेर रंग येईपर्यंत आतलं शिजून कोरडं होतं.

निघालेले कडेचे तुकडे टाकू नका, त्याच दिवशी खिमा करा आणि पूर्ण शिजवा.

टप्पा ८: मीठ आणि जाळी

एक किलोला १० ग्रॅम मीठ, वजन करूनच. सगळ्या बाजूंनी लावा, जाळीवर ठेवा, जाळीखाली ताट, आणि फ्रिजमध्ये उघडं एक रात्र, जमल्यास दोन. फ्रिजमधल्या वासाच्या सगळ्या गोष्टी ह्या काळात झाकणबंद, चिरलेला कांदा तर बाहेरच.

पहिल्या अर्ध्या तासात मीठ पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी परत आत जिरतं. म्हणून एकतर तव्यावर टाकायच्या अगदी आधी मीठ लावा नाहीतर रात्रभर आधी, मधला अर्धा तास सगळ्यात वाईट, नेमकं तेव्हा पृष्ठभाग ओला असतो.

तपासणी: बोट लावलं की पृष्ठभाग कोरडा, किंचित चिकट, चामड्यासारखा तकतकीत. असा असेल तरच तवा तापवा.

टप्पा ९: तवा

एज झालेला, कोरडा स्टेक ताज्यापेक्षा फार लवकर रंग पकडतो. जुन्या अंदाजाने ठेवलात तर करपेल.

बिडाचा तवा, मोठ्या आचेवर पाच मिनिटं, शेंगदाणा तेल स्टेकला लावा तव्याला नाही. खिडकी उघडा, धूर होणारच. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला उलटा, "एकदाच उलटायचा" वगैरे काही नाही, वारंवार उलटल्याने आतून सारखा शिजतो. कडाही उभ्या धरून भाजा. शेवटी आच कमी करून बटर, लसूण.

आतलं तापमान टोचायच्या थर्मामीटरने बघा, बोटाने दाबून अंदाज बफला लागू पडत नाही कारण ते मुळातच घट्ट. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस सलग तुकड्यासाठी ६३ डिग्री आणि त्यानंतर ३ मिनिटं तसंच ठेवायचं अशी आहे, आणि मार्केटचं मांस म्हणून मी तीच पाळतो. तव्यावरच ६३ होऊ द्या, मगच उतरवा, पुढे थोडं ते आपोआप चढतं, ताटात थर्मामीटर तसाच टोचलेला ठेवून खात्री करा. ७० च्या पुढे गेलात तर चरबी नसल्यामुळे बफ झटक्यात कोरडं होतं आणि आठवड्याची मेहनत गेली. घरात गरोदर बाई, लहान मूल, आजारी किंवा वयस्क माणूस असेल तर त्यांचा वेगळा तुकडा पूर्ण शिजवा, बारीक काप करून रश्शात घातला तर त्यांनाही आवडतो.

पाच मिनिटं थांबा, ताटात सांडलेला रस परत वर ओता, आणि कापताना धागे कुठल्या दिशेने जातायत ते बघून त्यांना आडवं कापा. मागच्या रविवारी एवढं सगळं नीट करून भावाने धाग्यांच्या दिशेने उभ्या पट्ट्या कापल्या आणि म्हणाला, चिवटच आहे की रे. ताट त्याच्याकडून घेतलं, उरलेला अर्धा फिरवून आडवा कापून दिला.